शरणप्पा ताक प्यायले

गदगच्या त्या इस्पितळात पहिल्या मोठ्या डॉक्टरांनी एक रीत घालून दिली होती. ऑपरेशन संपलं की सर्जनने बाहेर चिंचेखाली यायचं. पेशंट वाचला असेल तर नातेवाइकांच्या लोट्यातलं ताक घोटभर प्यायचं. गेला असेल तर काही न बोलता त्यांच्यासमोर जमिनीवर बसायचं. डॉक्टर शरणप्पा कुष्टगी जन्मभर हेच करत आले होते.

मग बेंगळुरूच्या कंपनीने इस्पितळ चालवायला घेतलं आणि शेणॉय नावाचा मॅनेजर आला. "सर, बातमी सांगायला आपल्याकडे माणसं आहेत. तुम्ही फक्त कापायचं," म्हणाला आणि वर हसला मेला! एकदा शरणप्पा चिंचेखाली बसले, तर शेणॉयने कॅमेऱ्यातलं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. "पुन्हा दिसलात तर करार संपला." या वयात दुसरीकडे कोण विचारणार? शरणप्पा गुपचूप मागच्या लिफ्टने जायला लागले.

त्या दुपारी फकीरप्पा हमाल टेबलावरच गेला. शरणप्पा मागून निघाले, पण गाडी चिंचेपलीकडेच उभी होती. फकीरप्पाची आई यल्लव्वा लोटा घेऊन आडवी आली.

"यप्पा, किती दमलास रे! माझं लेकरू कसं आहे?"

वर कॅमेरा, दारात शेणॉय. शरणप्पांचे गुडघे वाकायला निघाले आणि अडले. म्हातारीने लोटा त्यांच्या ओठांना लावला, आणि घशाला कोरड पडलेल्या त्या माणसाने घोट घेतला. अरे देवा, घेतला!

"प्यायला गं बायांनो, डॉक्टर ताक प्यायला!" यल्लव्वा नाचायचीच बाकी राहिली. कनवटीचा गूळ काढून सगळ्यांना वाटायला लागली. तेवढ्यात ऑफिसातल्या मुलीने तिला आत बोलावलं. तिलाही गूळ द्यायला म्हातारी हसतच गेली.

आतून किंकाळी आली, तेव्हा कुठे शरणप्पा जमिनीवर बसले. शेणॉयने ते पाहिलं, आणि करार गेला तो गेलाच.

तरी शरणप्पा अजून रोज दुपारी चिंचेखाली येऊन बसतात. ताक दिसलं की त्यांना उमासे येतात. बाजाराच्या दिवशी यल्लव्वा भरला लोटा घेऊन येते आणि त्यांच्या दंडाला धरून ओढते.

"ऊठ यप्पा, असं अभद्र बसू नकोस. तू प्यायलास की! मग माझा फकीर घरी कधी येतो?"