शुक्रवारची तारीख

माझी गाडी जुनी आहे, लाल आहे आणि माझ्या वयाला शोभत नाही, यावर आमच्या शिक्षक-खोलीत एकमत आहे. बसकी हॅचबॅक, टर्बो पेट्रोल, प्रत्येक गतिरोधकाला पोट घासणारी. एका डॉक्टरांनी हौसेने घेतली होती आणि पाठदुखीला कंटाळून विकली. मी घेतली, कारण मला नगरहून तिसगावच्या शाळेत रोज जायचं असतं. वाटेत करंजी घाट लागतो. उसाचा हंगाम सुरू झाला की त्या घाटात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने चढत असतात. आधीच्या गाडीत मी त्यांच्यामागे दुसऱ्या गिअरवर रांगायचे. हिला तिसऱ्यात पाय दिला की ट्रॅक्टर आरशात जातो. हे खरं कारण. घरी मी सुरक्षितता हे कारण सांगितलं.

हे मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं. सुटे भाग पुण्याहून मागवावे लागतात, आणि ते बसवणारा माणूस त्याहून दुर्मीळ. नगरमधले दोन-तीन गॅरेजवाले बॉनेट उघडून आत बघायचे, मान हलवायचे आणि परत लावायचे. शेवटी मला जो मिस्त्री सापडला तो शनिशिंगणापूरच्या फाट्यावरचा. पुण्यात याच कंपनीच्या गाड्यांवर त्याने बरीच वर्षं काम केलं होतं, मग वडील थकले म्हणून गावी परतला.

त्याच्या गॅरेजला दार नाही. शटर नाही, कुलूप नाही. गावातल्या घरांना दारं नसतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण हे गॅरेज गावाबाहेर, हमरस्त्याला लागून. गावात चोरी होत नाही म्हणतात, तो नियम फाट्यापर्यंत लागू आहे का, असं मी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तो शांतपणे म्हणाला होता की मॅडम, तुम्ही गाडीला कुलूप लावत जा, आमचं काही म्हणणं नाही.

मी कुलूप लावलंच. शिवाय वही ठेवली. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणी बदललं, आणि शेवटचा रकाना : माझ्या डोळ्यांदेखत की नाही. गाडी तिथे मुक्कामी ठेवण्याआधी मी बॅटरीवर, चारही चाकांच्या आतल्या बाजूला, स्टेपनीवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यायचे, म्हणजे अदलाबदल झाली तर कळेल. एकदाही ठिपका गायब झाला नाही. त्याने माझा संशय कमी झाला नाही. तो ठिपके बघतो, एवढंच मी त्यातून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात टायमिंग बेल्ट बदलायची वेळ आली. हा इंजिनातला दातेरी पट्टा. तो धड आहे तोवर त्याची आठवणही येत नाही. तो चालत्या गाडीत तुटला तर आतले भाग एकमेकांवर आपटतात आणि इंजिन भंगारात जातं. आमच्या गाडीच्या बाबतीत इंजिन गेलं म्हणजे गाडीच गेली, कारण दुसरं इंजिन मिळणार कुठून? मी पुण्याहून बेल्ट मागवला, त्याच्या पाठीवर लाल ठिपका दिला आणि एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आडरस्त्याने फाट्यावर गेले. बेल्ट त्याच्या हातात दिला, गाडी ठेवली, एसटीने घरी आले. रविवारी गाडी घेतली. जुना बेल्ट त्याने पिशवीत घालून दिला. वहीत शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

दहा-बारा दिवसांनी पेट्रोल भरताना दार उघडं होतं आणि दाराच्या चौकटीवरचं त्याचं स्टिकर मी सहज वाचलं. सर्व्हिसनंतर तो त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहितो. किलोमीटर बरोबर होते. तारीख शुक्रवारची होती. शुक्रवारी गाडी दिवसभर तिसगावात, शाळेच्या आवारात, कडुनिंबाखाली उभी होती. माझ्या तासाला खिडकीतून दिसत होती.

घरी येऊन फोनमधले जुने फोटो काढले. दर सर्व्हिसनंतर मी स्टिकरचा फोटो घेते, पण तेव्हा फक्त किलोमीटरचा आकडा बघितला होता. आता तारखा वहीशी लावून पाहिल्या. ऑइल बदललं तेव्हा गाडी शनिवारी दिली, स्टिकरवर शुक्रवार. ब्रेकचं काम शनिवारी, स्टिकरवर शुक्रवार. एकदा सुट्टीत मंगळवारी गेले होते, तिथे मात्र मंगळवारच.

ज्याला सरळ तारीख खोटी लिहिता येते, त्याला बेल्ट न बदलता बदलला म्हणायला काय लागतं? पिशवीतला जुना बेल्ट कुठल्या गाडीचा, हे कोण सांगणार? माझा नवा बेल्ट एव्हाना दुसऱ्या कुणाच्या इंजिनात फिरत असेल. त्या आठवड्यात घाट चढताना मी ट्रॅक्टरच्या मागे दुसऱ्या गिअरवर राहिले आणि रेडिओ बंद ठेवून इंजिन ऐकत बसले.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, सरळ विचार त्याला. मी म्हटलं, चोर कधी हो म्हणतो का? त्यावर तो म्हणाला, “अगं, तू देवळात चप्पल काढतेस तेव्हा एक उत्तरेला ठेवतेस आणि एक दक्षिणेला. तुझं कोण ऐकणार?”

खरी अडचण मला कळत होती. बेल्ट जुनाच असेल तर गाडी जाणार. आणि तो नवा असून मी आरोप केला, तरी गाडी जाणार, कारण मग तिला हात लावणारा दुसरा कुणी नाही. म्हणून त्याला विचारायच्या आधी पुरावा हवा होता. मी नगरमधल्या एका मोठ्या गॅरेजात गेले, पूर्वी बॉनेट उघडून मान हलवणाऱ्यांपैकीच एकाच्या. फक्त वरचं कव्हर काढा आणि इंजिन पान्याने फिरवून पूर्ण बेल्ट डोळ्यांखालून घालवा, एवढंच काम सांगितलं. तिथल्या मालकाने ते केलं. बेल्ट हळूहळू सरकत गेला, पहिला फेरा, दुसरा फेरा. लाल ठिपका कुठेच नव्हता.

मालक म्हणाला की दिसायला बरा दिसतोय, पण खात्री देता येणार नाही. आमच्याकडेच बदलून टाका. मला त्याचाही संशय आला. आधी गाडी नको म्हणणारा आता बेल्ट टाकायला तयार कसा झाला? मी कव्हर लावून घेतलं आणि निघाले. पण मनातला निकाल लागला होता, आणि लागलेला निकाल मला पोटात ठेवता येत नाही. शिक्षक-खोलीत तिघींना सांगितलं. शेजारी सांगितलं. पुण्याच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला फोनवर सांगितलं. नणंदेला सांगितलं. मोठ्या गॅरेजच्या मालकाला तर समोरच बोलून आले होते.

मग एका शनिवारी फोटो, वही आणि तयार केलेली चार वाक्यं घेऊन फाट्यावर गेले. कूलंट कमी झालंय, असं निमित्त सांगितलं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, कूलंटकडे पाहिलंच नाही, कव्हरच्या बोल्टवर बोट ठेवलं.

“कव्हर कुनी खोललं?”

“कुणी नाही,” मी म्हटलं. तयार वाक्यांत हे वाक्य नव्हतं.

“मॅडम, बोल्ट आवळला की त्याच्यावरनं कव्हरपातुर पांढऱ्या रंगाची रेघ वढतो मी. खोललं की रेघ मोडती. ही मोडलीय. कुनी खोललं?”

मग मी सगळं सांगितलं. तारखा वाचून दाखवल्या, ठिपका सांगितला. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. फक्त ठिपक्याचं ऐकून म्हणाला, “ते नेलपॉलिश हुतं व्हय? मी म्हन्लं, दुकानात काय सांडलं. बेल्टाला आसलं काय चालत न्हाई, पुसून काढलं.”

“आणि शुक्रवार?”

मग त्याने जे सांगितलं ते असं. या भागात शनिवारी लोखंड आणि तेल कुणी विकत घरात आणत नाही. शनीचं गाव म्हणून इथे ते जास्तच पाळतात. पण नोकरदार माणसं शनिवारीच गाडी आणणार. एकाचं ऑइल त्याने शनिवारी बदललं, पुढच्या आठवड्यात ती गाडी खड्ड्यात गेली, आणि त्या माणसाच्या आईने गॅरेजात येऊन स्टिकरवरची तारीख सगळ्यांना वाचून दाखवली. तेव्हापासून शनिवारच्या कामावर तो शुक्रवार टाकतो. सगळ्यांच्याच.

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही शनीला फसवता.

“शनीला समदं ठावं हाय. ते गाडीवाल्यांसाठी हाय.”

मला हे पटायला हवं होतं, पण पटलं नाही. चांगली गोष्ट कुणालाही रचता येते. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं की बेल्टचा डबा ठेवलाय का. डबे मी टाकत नाही. नवऱ्याला फोन करून कपाटातल्या डब्याचा फोटो मागवला. मिस्त्रीने कव्हर काढलं, टॉर्च लावून प्रकाश पाडला आणि पान्याने इंजिन फिरवत राहिला. बेल्टच्या पाठीवर पांढऱ्या बारीक अक्षरांत बॅच आणि तारखेसकट नंबर छापलेला होता. तो मला वाचायला लावला. आकडा न् आकडा डब्याशी जुळला. नगरच्या गॅरेजातही हा नंबर माझ्या डोळ्यांसमोरून दोनदा गेला असणार. तिथे मी फक्त लाल शोधत होते.

माफी मागण्यासाठी मी तोंड उघडलं, पण त्याला ती नको होती. कव्हर बसवत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “तुमच्या साळंची दोन गिऱ्हाईकं हुती माझ्याकडं. म्हैना झाला, येत न्हाईत. मी म्हन्लं, रस्त्याचं काम चाललंय म्हनून आसंल.” बोल्टवर नवी रेघ ओढली. “जितं जितं बोललात, तितं तितं सांगून या. मंग गाडी आना. तवर न्हाई हात लावनार.”

कूलंट न भरताच मी परत आले. त्या रात्री यादी केली. सात नावं झाली. सात वेळा बोलायला मला एक आठवडा पुरला होता. सात वेळा परत घ्यायला तीन आठवडे लागले. शेजारीण म्हणाली, बरं झालं. नणंदेला मी काय सांगितलं होतं ते आठवतच नव्हतं, म्हणून आधी आरोप पुन्हा सांगावा लागला आणि मग तो मागे घ्यावा लागला. पुण्याचा दुकानदार हसला. मोठ्या गॅरेजचा मालक म्हणाला, आम्ही कुठे काय म्हणालो? शिक्षक-खोलीतल्या दोघींनी मान्य केलं. तिसरी, जिच्या घरची गाडी त्याच्याकडे जायची, ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, “आता एवढी कड घेतेयस, तुझं काम फुकटात करतो वाटतं?” मी तिला बेल्ट, डबा, नंबर, सगळं समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

यादीत सहा नावांपुढे बरोबरची खूण केली. सातव्यापुढे लिहिलं : सांगितलं, पटलं नाही. दरम्यान कूलंटची पातळी खालच्या रेघेवर आली होती आणि ऑइलची मुदत संपली होती. शनिवारी गाडी घेऊन फाट्यावर गेले आणि यादी त्याच्यापुढे ठेवली.

हात पुसून त्याने ती घेतली. सावकाश वाचली, पुन्हा वाचली. पटलं नाही, या शेऱ्यावरून त्याचं बोट वर सरकलं. ते सहाव्या नावावर थांबलं, जिथे खूण होती.

“यांचा नंबर हाय का फोनमदी?”

“आहे.”

“लावा. आन् स्पीकरवर टाका.”

मी नंबर लावला. सहकारी बाईंनी उचलला, आणि मी सांगितलेलं सगळं, जरा कंटाळून, पुन्हा एकदा सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पाचवं नाव वाचलं आणि म्हणाला, आता यांना.

पाचवा फोन झाला, चौथा झाला. तिसऱ्याला रिंग जात असताना त्याने चावीसाठी हात पुढे केला.