एका पाटावर दोघं
सोल्डरचा वास आला की कुपवाडचा तो पत्र्याचा शेड आठवतो. दुधाच्या टँकरसाठी मी डबा बनवला होता. टँकर कुठे आहे ते जीपीएसवरून आणि दूध किती थंड आहे ते टाकीतल्या ब्लूटूथ सेन्सरवरून घेऊन डेअरीला कळवणारा. संध्याकाळच्या फेरीआधी तो चालला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. पण ब्लूटूथ सुरू केलं की जीपीएसचे आकडे नुसता कचरा होऊन येत. सिग्नल अडवतो म्हणून मी पत्र्याला शिव्या घालत अँटेना बाहेर नेली, परत आत आणली. टँकरच्या बॉनेटला टेकलेला कवठे महांकाळचा ड्रायव्हर म्हणाला, “आवं सायेब, एका पाटाच्या पाण्यावर दोघांनी दारं धरली, तर कुणाचंच रान भिजत न्हाई.” मी अँटेना खाली ठेवली. जीपीएस आणि ब्लूटूथ खरंच एकाच सिरियल पोर्टवर, बोर्डात आकडे नेणाऱ्या एकाच वाटेवर, बसले होते! चांगला पोर्ट जीपीएसला दिला, ब्लूटूथला दुसऱ्या, हळू पोर्टवर हलवलं, बोर्ड पुन्हा सुरू केला आणि नकाशावर कुपवाडात निळा ठिपका उभा राहिला. ड्रायव्हर त्याच्याकडे बघतच राहिला. “म्हंजी मी च्याला कुठं थांबलो, ते बी दिसंल व्हय?” “दिसणारच!” मी छाती फुगवून म्हणालो. आजही असला गुंता मी पाच मिनिटांत सोडवतो. पण एखादा ठिपका चहाच्या टपरीपाशी थांबलेला दिसला, की मी नजर दुसरीकडे वळवतो.