बॅटरी नवरीखाली आहे!

मी ती गाडी घेतली तेव्हा ती चालत होती. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे आमच्या घरात या एका मुद्द्यावर इतके वाद झाले की मला स्वतःलाही शंका यायला लागली.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. भिवंडीच्या आसपास शेतं जाऊन गोदामं उभी राहत होती आणि ज्याची जमीन गेली त्याच्या दारात नवी कोरी जीप येत होती. आमच्या टेमघरच्या गल्लीत सकाळी आपली जीप बाहेर काढायची तर आधी शेजाऱ्याला झोपेतून उठवावं लागे. मला मात्र जीप नको होती. मला हवी होती मोठ्या लोकांची गाडी! लांब, काळी, परदेशी, आत चकचकीत लाकडाची पट्टी आणि चामड्याच्या सीटा. अशी गाडी जुनी झाली की नव्या लहान गाडीच्या भावात मिळते, ही मौल्यवान माहिती मला मुंबईच्या एका दलालाने दिली. (इतकी स्वस्त का मिळते, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शुभकार्य चाललेलं असताना मध्येच असलं कोण विचारतं?)

"डॉक्टर की गाडी है सेठ," दलाल म्हणाला. "घर से दवाखाना, दवाखाने से घर. बस!"

मीटरवरचा आकडा पाहता डॉक्टरांचं घर मुंबईत आणि दवाखाना कन्याकुमारीला असावा. (गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. त्या बिचाऱ्यांचा काहीच दोष नव्हता. ती गाडी एक दिवस माझ्या हातात पडेल हे त्यांना कुठून कळणार?)

गाडी दारात आली तशी हिराआत्या ओवाळायला बाहेर आली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द तिचाच.

"कवरी मोठी गारी रं ही!" आत्या म्हणाली. "हिच्यान दोन म्हशी बसतील."

माझी बायको मंदा गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "आवं, पन हिच्या खाली काय टपकतंय?"

"एसीचा पानी हाय."

"एसीचा पानी काला असतंय?"

मी सगळ्यांना पेढे वाटायला घेतले.

आता माझा धंदा पॉवरलूमचा. लूम बिघडला की तो दुरुस्त करणाऱ्या माणसाला आमच्याकडे जॉबर म्हणतात. आमचे जॉबर इद्रिसभाई आणि मी, आम्ही दोघांनी मिळून मोडकळीला आलेले लूम वर्षानुवर्षं चालते ठेवले होते. त्यामुळे आम्हाला एक भयंकर रोग जडला होता, तो म्हणजे आत्मविश्वास!

गॅरेजमध्ये नेऊ का, असं मी विचारल्यावर इद्रिसभाई दुखावलेच. "सेठ, मशीन तो मशीन होती है. उसको क्या मालूम वो कार है?"

हे मला इतकं पटलं की मी त्यानंतर गॅरेजचं तोंड पाहिलं नाही. इंजिनचा पट्टा किंचाळायला लागला, आम्ही त्याच्यावर राळ टाकली. (लूमचा पट्टा घसरतो तेव्हा आम्ही हेच करतो.) किंचाळणं थांबलं, पण इंजिन तापलं की गाडीत देवळासारखा धूप दरवळायचा. पाहुणे आत बसताच आपसूक हात जोडायचे. दाराच्या बिजागरीला लूमचं तेल, काच वर-खाली करणाऱ्या यंत्राला लूमचं तेल, आणि खिडकीजवळ बसणाऱ्याच्या सदऱ्यालाही लूमचं तेल!

अशातच माझी धाकटी बहीण वनिता हिचं लग्न कशेळीला ठरलं. बोलणी चालली असताना तिच्या होणाऱ्या सासूने एकच अट घातली.

"आमचा काय मागना नाय. फकस्त दिवा लागाच्या आत नवरी आमच्या उंबऱ्यान पायजे. आमच्या घरान तसाच चालत आलाय."

"दिव्याचा काय घेऊन बसल्यान!" मी छाती काढून म्हणालो. "माझी बहीन माझ्या गारीत बसून येल. ऊन असतानाच पोचवतो!"

पाहुणे गेल्यावर वनिता हळूच माझ्याजवळ आली. "दादा, जीप सांगून ठेवूया का रं? म्हंजे तुझी गारी चांगलीच हाय. पन सासरी पयल्याच दिसाला हसू नको होयाला."

मला राग आला. खरं तर राग यायला नको होता, कारण मागणं अगदी साधं होतं. पण घरातल्या माणसाने आपल्या गाडीवर शंका घेतली की पुरुषाला जो राग येतो तो आला आणि मी जीप सांगितली नाही.

लग्नाला थोडे दिवस उरले आणि गाडी चालू होईना. इद्रिसभाई म्हणाले, "बॅटरी देखो." आम्ही बॉनेट उघडलं. बॅटरी नव्हती. डिकी उघडली, तिथेही नव्हती. बॅटरीशिवाय ही गाडी इतके दिवस कशी चालली, या विचाराने आम्ही दोघेही थोडे भारावून गेलो. शेवटी मंदाने हरवलेलं कानातलं शोधताना मागची अख्खी सीट उचलली आणि तिच्या खाली बॅटरी निघाली! मोठ्या लोकांना बॅटरीवर का बसवतात, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

बॅटरीच्या टोकाला तार धरून ठेवणारी पितळी पकड तडकली होती. नवी आणायला हवी होती. पण आम्ही पडलो सुतातली माणसं! आमच्या कारखान्यात पंखा, पाइप, खुर्चीचा पाय, जे काही मोडतं ते आम्ही सुताने बांधतो आणि ते पुढे कायमचं तसंच राहतं. इद्रिसभाईंनी पॉलिस्टरचं सूत आणलं, त्या पकडीला चांगले वेढे दिले आणि वर अशी गाठ मारली की पाहत राहावं.

"अब ये आपके नाती तक चलेगा, सेठ."

गाडी चालू झाली. मी सीट खाली दाबून बसवली.

लग्न झकास झालं. ऊन डोक्यावर असतानाच निघायची वेळ झाली. आत्याने वनिताची ओटी भरली, तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि तिला गाडीत बसवून सगळ्यांना बजावलं, "ओटी भरलेली पोर हाय. आता थेट सासरच्या उंबऱ्याशीच उतरल. मधी पाय खाली टेकवाचा नाय!" मागच्या सीटवर एका बाजूला नवरा, म्हणजे प्रकाश भावोजी, मध्ये वनिता आणि उरलेल्या जागेत (खरं तर न उरलेल्या जागेत) आत्या. पुढे मी आणि माझ्या शेजारी मंदा. आमच्यापुढे बेंजो पार्टीचा टेम्पो आणि मागे वऱ्हाडाच्या गाड्या.

कशेळीच्या अलीकडे, गोदामांच्या कंटेनरांची रांग लागते तिथे, गाडीने एक उचकी दिली. मग एसी गेला. मग इंजिन गेलं. मग मागून जळकट वास आला.

"राळ हाय," मी म्हणालो.

"तुझी राळ माझ्या खाली जलतंय!" आत्या ओरडली.

मी मागे वळून पाहिलं तर सीटखालून धूर येत होता. माझ्या नातवापर्यंत टिकणारी गाठ कशेळीपर्यंतही टिकली नव्हती. पॉलिस्टर तापलं की वितळतं, हे पॉलिस्टरचा धंदा करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

"सगल्यांनी जरा खाली उतरा," मी म्हणालो. "बॅटरी सीटच्या खाली हाय."

"पोर उतराची नाय!"

"आत्या, बॅटरी नवरीखाली हाय!"

"मंग काय झाला? गारी तुझी, नवरी आमची. तुझी बॅटरी तू दुसरीकरं ठेव!"

काचा विजेच्या, त्या बंद. दारं उघडू म्हटलं तर आत्या म्हणे, दार उघडलं की उतरल्यासारखंच. आत भट्टी पेटली. मुंडावळ्या वनिताच्या गालाला चिकटल्या, कुंकू नाकावर ओघळलं.  शेवटी भावोजी अगदी अदबीने म्हणाले, "दादा, हिला आतल्या आत पुढं सरकवली त?"

आत्याने डोळे मिटून विचार केला. "गारीच्या आतल्या आत चालंल."

निर्णय झाला! भावोजी आणि आत्या खाली उतरले. मंदाही उतरली. वनिता शालू सावरत दोन सीटांच्या मधून पुढे यायला निघाली आणि बरोबर मध्यावर अडकली. तिचा पदर गिअरच्या दांड्यात, एक पाय मागे, एक पाय पुढे आणि ओटीतला नारळ थेट माझ्या ब्रेकखाली! आत्या बाहेरून किंचाळली, "नारल परला!" मी डोकं खाली घालून नारळ काढायला गेलो, वनिता माझ्या पाठीवर कोसळली आणि हॉर्नवर माझं कपाळ आपटलं. हॉर्न वाजला नाही. तो तरी कसा वाजणार?

अखेर वनिता पुढच्या सीटवर बसली, नारळ ओटीत गेला आणि मी सीट उचलली. पकड बॅटरीवरून निसटून बाजूला पडली होती आणि सुताचा काळा गोळा झाला होता. मंदाने केसातला चिमटा काढून दिला. मी तो ठोकून पकडीत बसवला. गाडीत वीज आली! हॉर्न वाजला, दिवे लागले आणि त्याच क्षणी रखरखीत उन्हात दोन्ही वायपर सुरू झाले. ते थांबेनात. चावी फिरवली तर इंजिन ढिम्म. फक्त रेडिओवर अक्षरं उमटली: वीज तुटल्यामुळे गाडी मला चोर समजून गुप्त आकडा मागत होती!

"धक्का मारा!" वऱ्हाडातून कुणीतरी म्हणालं. सगळं वऱ्हाड मागे लागलं. त्यांनी गाडी ढकलली, धापा टाकल्या, पुन्हा ढकलली. मागाहून एका कंटेनरच्या ड्रायव्हरने खिडकीतून ओरडून सांगितलं की आपोआप गिअर बदलणारी गाडी धक्क्याने सुरूच होत नाही. वऱ्हाडाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरायचा प्रयत्न करतोय.

या सगळ्यात दुपार सरली आणि सूर्य गोदामाच्या पत्र्याला टेकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वनिताने आयुष्यात माझ्याकडे हट्ट असा कधी केला नव्हता. एक जीप सांग म्हणाली होती, तीही मी सांगितली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

"दादा," तीच म्हणाली, "असा तोंड पारू नको. गारी चालव नायतर ओढ. पन दिवा लागाच्या आत पोचव."

ओढ! मी उडी मारून बाहेर आलो. डिकीत आहेराबरोबर माझ्याच कारखान्यातल्या कापडाचा एक तागा होता. तो उलगडला, चौपदरी पिळला आणि गाडीचं नाक बेंजो पार्टीच्या टेम्पोला बांधलं. (त्या दिवशी माझ्याशी संबंध असलेली एवढी एकच वस्तू शेवटपर्यंत टिकली.) आत्या आणि भावोजी मागे बसले, मंदा त्यांच्यात शिरली आणि टेम्पो हलला.

बेंजोवाल्यांना वाटलं आता वरात सुरू झाली! त्यांनी जे वाजवायला घेतलं ते ऐकून वऱ्हाड मधल्या सगळ्या भानगडी विसरलं आणि रस्त्यावर नाचायला लागलं.

"नाचू नका!" मी खिडकीतून ओरडत होतो. वीज आली तरी काच उघडेना, त्यामुळे बाहेरून मी गाणं म्हणतोय असं दिसत असावं, कारण लोक मला पाहून जास्तच नाचले. स्टेअरिंग दगडासारखं जड, ब्रेकवर मी दोन्ही पायांनी उभा आणि समोर वायपर सगळ्या कशेळीला हात हलवून दाखवतायत!

दारात सासूबाई तबक घेऊन उभ्या होत्या. अंगणातला दिवा अजून लागला नव्हता. वनिता गाडीतून उतरली ती थेट उंबऱ्यापाशी. तिने माप ओलांडलं आणि मगच आत कुणीतरी बटण दाबलं.  मला रडायला येत होतं, पण इतकी धाप लागली होती की ते कुणाला कळलं नाही.

मी हात जोडून सासूबाईंसमोर गेलो. "माफ करा, गारी जरा..."

"माफी कशाला?" त्यांचे डोळे भरून आले होते. "आजकाल नवऱ्या जीपमधून भुर्रकन येतात, धुरला उरवतात, कोनी बघतपन नाय. तुमी माझ्या सुनेला वाजवत, नाचवत, सावकास आनलीत. यवरा मान आमच्या घरान आजवर कोनच्याच सुनेला मिलाला नाय!"

मी नम्रपणे मान खाली घातली. आत्याने माझ्या पाठीत चिमटा काढला.

पुढच्याच महिन्यात भावोजींचे चुलते कशेळीहून मुद्दाम टेमघरला आले. "आमच्या पोरीचा लगीन हाय. तुमची ती काली गारी पायजे. तशीच वरात काराची हाय."

मला तर आकाश ठेंगणं झालं. "न्या की! मी सोता चालवीन. आता पयला तिची बॅटरी, इंजिन, सगला नीट करतो, म्हंजे..."

"नको, नको!" चुलत्यांनी घाईघाईने माझा हात धरला. "टेम्पो आमचा हाय, आमी ओढून नेव. तुमी फकस्त लगीन होईपरयंत तिला हात लावू नका."

आतून मंदा म्हणाली, "तुमी बिनघोर जा काका. मी लक्ष ठेवते!"