देवगिरीवर पांढऱ्या स्लिपर

पहिली स्लिपर फाटली ती सिल्लोडच्या कुसुमताईंची, आणि तीही किल्ल्याच्या पहिल्याच दरवाजात. या दरवाजाला मोठाले अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीनं धडक दिली तर हत्तीच्याच कपाळात घुसावेत, म्हणून ठोकलेले. मी दोन्ही हात पसरून, आवाज चढवून सांगत होते, "आणि मंडळी, शत्रू इथंच लंगडा व्हायचा!" बघते तर माझी मंडळी दरवाजाकडे बघतच नव्हती. सगळे खाली, स्वतःच्या पायांकडे बघत होते.

"बाई, शत्रूचं ऱ्हाऊ द्या," कुसुमताई म्हणाल्या. "आमचंच बघा आधी."

हॉटेलच्या खोलीत मिळतात ना, पांढऱ्या, पातळ, कागद आणि कापूस यांच्या मधल्या कशाच्या तरी केलेल्या स्लिपर? त्या घालून वीस माणसं दौलताबादच्या किल्ल्यात उभी होती. एकविसावी मी. माझ्याही पायात त्याच. फोटोत सगळं एकसारखं दिसलं पाहिजे, असा हुकूम होता.

हुकूम केदार सरांचा. पुण्यातल्या एका टूर कंपनीचे हे तरुण साहेब. त्यांनी 'पवित्र देवगिरी' नावाचा वॉक काढायचं ठरवलं होतं. खालच्या कोटातलं भारतमातेचं मंदिर, मिनाराच्या पायथ्याची छोटी मशीद, चढावरचा गणपती आणि थेट वरची स्वामींची जागा, सगळं पायी. आमच्या धंद्यात पाहुण्यांना पॅक्स म्हणतात, आणि नवीन सहल आधी सवलतीत गोळा केलेल्या पॅक्सवर करून बघतात, तिला ट्रायल. ट्रायलमध्ये जगलात तर पुढच्या वेळी पूर्ण पैसे भरून यायचं.

पवित्र स्थळांच्या वॉकमध्ये गाईडचा खरा शत्रू इतिहास नसतो, बुटांची लेस असते. प्रत्येक दारात बूट काढा, आत जा, बाहेर या, बूट शोधा, खाली बसा, लेस बांधा, उठताना कुणाचा तरी हात धरा. देवासमोर जितका वेळ जातो त्याच्या तिप्पट दारात जातो. केदार सरांनी यावर उपाय शोधला. बूट-चपला बसमध्ये पोत्यांत भरायच्या आणि सगळ्यांना स्लिपर वाटायच्या.

"सर, किल्ल्यात दगड आहेत," मी आदल्या दिवशी म्हणाले होते.

"मॅडम, मी टेस्ट केलंय."

"कुठं?"

"ऑफिसमध्ये. पूर्ण दिवस घालून फिरलो. झिरो प्रॉब्लेम."

पुढे मी बोलले नाही, त्याला कारण होतं. ट्रायलनंतर कंपनी ठरवणार होती की पूर्ण सीझनसाठी मला घ्यायचं की ॲपला. हे ॲप आपण कुठं उभे आहोत ते ओळखून कानात आपोआप बोलायला लागतं. आवाज मुंबईतल्या कुणाचा तरी, खोल विहिरीतून आल्यासारखा गंभीर. त्याला चहा लागत नाही, त्याचा घसा बसत नाही. मी बोलण्यावर पोट भरणारी बाई. त्या दिवशी दहा पॅक्स माझ्याकडे होते आणि दहांच्या कानात ॲप. केदार सर स्वतः कॅमेरा घेऊन मध्ये धावत होते. त्यांच्या पायात मात्र जाडजूड स्पोर्ट्स शूज. शूटिंगला ग्रिप लागते म्हणे.

तिसऱ्या दरवाजापर्यंत स्लिपरांचे तळवे गेले. वरचे पट्टे तेवढे घोट्याला बांधल्यासारखे राहिले. मार्चचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि आपला काळा दगड कसा तापतो हे मी सांगायला नको. मी ड्रायव्हरला फोन लावला.

"रफिकभाई, बस गेटवर घ्या. बूट हवेत."

"बस तो खुलताबाद में है, मॅडम. हॉटेल के सामने. एकदम सावली में लगाया."

"अहो, बूट त्यातच आहेत!"

"हौ, मालूम है. एक बी नहीं गिरा. साबच बोले ना, सामान लेको जेवन की जगह पो रुको."

"परत या, लगेच."

"आतूं. पन शनिवार है, मॅडम. भद्रा मारुती की भीड है, घाट पूरा जाम. अब मारुतीराया छोडे तब."

मी फोन ठेवला आणि केदार सरांकडे बघून गोड हसले. पॅक्ससमोर गाईड कधी घाबरत नाही, घाबरायची सोय नंतर घरी असते.

खरी काळजी नानांची होती. नाना म्हणजे कुसुमताईंचे यजमान, मक्याचे व्यापारी. सगळ्यांच्या पुढे ताडताड चालत होते.

"चला वं बाई, थांबता काय? मला काय बी वाटत नाय!"

"तेच तर दुखणं हाय तुमचं!" कुसुमताई कडाडल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शुगर हाय यांना. पायाला काही कळतच नाय. मागं काच घुसली होती, मोज्याला रक्त लागलं तवा समजलं. डॉक्टरनं सांगितलंय, अनवाणी एक पाऊल नाय."

हे ऐकल्यावर मी आधी नानांना भिंतीच्या सावलीत बसवलं. मग सरांना बाजूला घेतलं.

"सर, बुटांचा नंबर काय तुमचा?"

"नऊ. का?"

"नाना, तुमचा?"

"आठ!" नाना म्हणाले.

"मोजे घालून नऊ चालतात," कुसुमताई म्हणाल्या.

केदार सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मॅडम, पण मला शूट करायचंय."

"करा की. हात मोकळेच आहेत तुमचे."

नाइलाज होता. नानांनी आधी सरांचे मोजे चढवले, मग कंपनीचे बूट, आणि दोनचार पावलं टाकून म्हणाले, "मऊ हाय लेका. केवढ्याला पडले?" सर अनवाणी झाले. माझ्या मनात लाडू फुटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता मंदिर. बाहेर मोठं मोकळं अंगण, फरसबंदी, एक झाड नाही. आत खांबांचा दालनच्या दालन पसारा. ही वास्तू आधी मशीद, त्यातले बरेच खांब त्याहून जुन्या देवळांचे, आणि आता आत भारतमाता. एकाच छपराखाली इतक्या जणांनी हात जोडलेत की भांडायचं कुणाशी हेच कळत नाही. माझे दहा मी भिंतीच्या कडेनं, सावलीच्या पट्ट्यातून, एकामागे एक आत नेले. आतली फरशी थंडगार. पाय टेकताच सगळ्यांच्या तोंडून एकदम "आहाहा" निघालं. इतकी दाद मला माझ्या कुठल्याही गोष्टीला मिळालेली नाही.

ॲपवाले दहा आणि केदार सर मात्र बरोबर अंगणाच्या मध्यावर होते. ॲपला सावली कुठं कळते? ते त्यांच्या कानात त्या विहिरीतल्या आवाजात म्हणालं, "येथे क्षणभर थांबा. डोळे मिटा. पायाखालचा इतिहास अनुभवा."

त्यांनी डोळे मिटले. पुढच्याच क्षणी इतिहास अनुभवला. अकरा माणसं भर अंगणात एक पाय वर, एक पाय खाली करत नाचू लागली. सर कॅमेऱ्यासकट.

"ये पोरा!" नाना आतून ओरडले. "जळशील तिथं! इकडं बाईंकडं ये!"

कानातली बोंडं काढत एकेक जण धावत आत आला. शेवटी केदार सर. खांबाला टेकून बसले, तळवे फरशीला चिकटवले आणि मला म्हणाले, "बोला मॅडम. लवकर संपवू नका."

मग मी बोलले. एरवी घाईत आटोपते ते सगळं बोलले. एकेका खांबापाशी थांबले, कारण प्रत्येक खांब थंड होता. नंतर मिनाराची सावली अंगावर घेत वीस माणसांना तिच्या पट्ट्यात रांगेनं उभं केलं. मी बोलता बोलता बाजूला सरकायची, रांग माझ्यामागे सरकायची. पहारेकऱ्यानं विचारलं, "मॅडम, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "वॉक." मशिदीत जाताना, नाना सोडले तर, दारात कुणी थांबलंच नाही. काढायला काही नव्हतं. गणपती आणि स्वामींना आम्ही खालूनच नमस्कार केला. त्यांनी वरून बघितलं असेल, गंमतही वाटली असेल.

बस आली तेव्हा आमचं सगळं बघून झालं होतं. जेवताना सरांनी पॅक्सना चाचरत विचारलं, "कसं वाटलं?"

मी पोळीकडे बघत बसले. माझा सीझन त्या एका उत्तरावर होता.

"आतापर्यंत चार खेपा आलो किल्ल्यावर," कुसुमताई म्हणाल्या. "नुसतं फोटो काढून गेलो. देवाच्या जागी आल्यासारखं आज वाटलं. पाय उघडे असले की माणूस गप्प बसतो, ऐकतो." दोघातिघांनी मान हलवली. एकानं तर विचारलं, "ही जुनी पद्धत का इथली?"

केदार सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बुंदी वाढून घेतली.

पुढच्या आठवड्यात कंपनीची जाहिरात आली: 'अनवाणी देवगिरी'. त्याखाली, 'स्थानिक परंपरेनुसार'. मी फोन केला.

"सर, कुठली परंपरा?"

"मॅडम, तुम्हीच तर सुरू केली."

"ती ओळ काढा, मी तोंडानं खोटं सांगणार नाही. आणि वॉक फक्त थंडीत, सकाळी. शुगरवाले बूट घालूनच येतील."

"डन. पूर्ण सीझन तुमचा."

"आणि ॲप?"

"ते बसमध्ये लावू. एसी असतो."

सीझन झाला, चांगला झाला. केदार सर एकदाही आले नाहीत. त्यांच्या कार्यालयातून निरोप यायचे, पावलांची काळजी घ्या म्हणून. या धंद्यात मी एवढंच शिकले: फजिती झाली की ती पॅक्सच्या आधी आपण ओळखावी, सगळ्यांना सावलीत घ्यावं, आणि तिला नाव मात्र कंपनीला देऊ द्यावं.