अब्बांच्या खयालातली अम्मी

माझे अब्बा हट्टा गावात हकिमी करायचे. हैदराबादेत शिकताना औषधांबरोबर जुन्या मुसलमान तत्त्वज्ञांची विद्याही त्यांनी घेतली होती. मी भाकरी थापत असले की चुलीपाशी बसून समजावून सांगायचे. डोळ्यानं बघितलेलं डोळ्यात राहत नाही. डोक्याच्या पुढच्या भागात एक कोठार असतं, त्याचं नाव खयाल. बघितलेली प्रत्येक सूरत तिथं जपलेली राहते. त्याच्या मागं दुसरी एक ताकद असते, ती त्या सूरती तोडते, जोडते, घोड्याला पंख लावते. कोठारावर भरवसा ठेवावा, जोडणारीवर नाही, असं ते म्हणायचे.

अम्मी तापानं गेली. पुढं काचबिंदूनं अब्बांचे डोळेही गेले. नवरा वारल्यामुळं मी तेव्हा माहेरीच होते. लोक हळहळायचे, तर तेच लोकांची समजूत काढायचे, की बघायचं ते सगळं बघून झालंय, हिची अम्मी आत आहे. सकाळी अंगणात खाटेवर बसून आत तिला बघत राहायचे. तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नसे.

एका दुपारी मी डाळ निवडत होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या अम्मीचं नाक कसं होतं गं?"

सरळ होतं, डाव्या बाजूला चमकी होती, असं मी सांगितलं. मग हनुवटीचं विचारलं. तेही सांगितलं, पण सांगताना माझीच खात्री होईना. घरात कधी कुणाचा फोटो काढलेला नव्हता.

काही दिवसांनी त्यांनी मला खुशीत बोलावून घेतलं. अम्मी साफ दिसली म्हणाले, आणि ती कशी दिसली ते सांगू लागले. नाक, चमकी, हनुवटी. सगळे शब्द माझे होते. बोलता बोलता ते थांबले.

"हे तर तू सांगितलेलं हाय," ते म्हणाले. "ही ती न्हाई. जोडलेली हाय."

कोठार रिकामं नसेल, नुसतं बंद असेल, असं मी म्हणून बघितलं. त्यांनी नकाराची मान हलवली.

निजामाचं राज्य गेलं त्या साली आमचे बरेच नातेवाईक गाव सोडून गेले. अब्बांनी कोण गेलं तेही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी चहा नेला की आवाजाच्या रोखानं हात पुढं करायचे. निदान मी तरी आत दिसत असेन का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याच हिवाळ्यात ते गेले.