खडूनं लिहिलेला अभ्रा

त्या लॉन्ड्रीत चादरी टिकायच्या, माणसं टिकायची नाहीत. हॉस्पिटलांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल शेकडो वेळा उकळत्या पाण्यातून निघूनही शाबूत असायचे. पण तासावर राबणारं माणूस आज आहे ते पुढच्या महिन्यात असेल, याची खात्री खुद्द मालकालाही नव्हती. टिकल्या होत्या त्या एकट्या घडीकाकू. एकोणीस वर्षं. इस्त्रीच्या मोठ्या रुळातून गरम चादर बाहेर आली की समोरची बाई दोन कोपरे धरायची, काकू दोन धरायच्या, आणि तीन झटक्यांत अशी घडी पडायची की मोजपट्टी लावून बघा. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं.

काकू एवढी वर्षं टिकल्या कशा, एवढं जरी मालकानं त्यांना विचारलं असतं, तरी पुढचा सगळा तमाशा टळला असता. पण घरातल्या माणसाला विचारायचं म्हणजे कमीपणा येतो ना! म्हणून त्यानं बाहेरून एक साहेब आणला आणि त्याच्या दारावर ‘कार्यसंस्कृती अधिकारी’ अशी पाटी लावली. साहेब सकाळी हसत यायचा, मशीन बंद पडलं तरी हसायचा, आणि कोणी काम सोडून गेलं की जरा जास्तच हसायचा. तिसऱ्याच दिवशी त्याचं नाव हसरेसाहेब पडलं.

हसरेसाहेबानं पहिला हात घातला तो विश्रांतीच्या खोलीला. तिथला लाकडी बाक त्याला उदास वाटला. बाक गेला आणि त्याच्या जागी आली तीन रंगीत, मऊ, थर्माकोलच्या गोळ्यांनी भरलेली पोती. त्यात बसायचं, म्हणे, म्हणजे ताण जातो. दिवसभर उभं राहून गुडघे धरलेल्या बायका त्यात बसल्या, म्हणजे रुतल्याच. एकीला वर काढायला दोघी लागायच्या, आणि तेवढ्यात चहाची सुट्टी संपायची. काकू भिंतीला टेकून चहा प्यायला लागल्या. मग भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ असं मोठ्या अक्षरांत आलं, तेव्हा टेकायची भिंतही गेली, कारण रंग ओला होता.

आता खरं दुखणं काय होतं ते ऐका. कोणी कधी कामावर यायचं, हे ऑफिसातला कॉम्प्युटर ठरवायचा. शनिवारी संध्याकाळी कागद लागायचा तेव्हा पुढचा आठवडा कळायचा. सोमवारी सकाळी सहा, मंगळवारी दुपारी दोन, बुधवारी आणखी तिसरंच काहीतरी. पोरांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं, शेजारणीची मदत, यातलं काहीच त्या कागदाशी जुळायचं नाही. नवीन माणूस दोन महिने ओढाताण करायचा आणि निघून जायचा. एवढी साधी गोष्ट. पण रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, त्याला काय करणार?

जे थोडेफार टिकून होते ते एका अभ्र्यामुळे. मळक्या कपड्यांच्या खोलीत दारामागे एका खिळ्यावर उशीचा जुना अभ्रा टांगलेला असायचा. फाटक्या चादरींवर खूण करायला लॉन्ड्रीत शिंप्याचा निळा खडू असतो, त्या खडूनं लोक अभ्र्यावर आपापसातले बदल लिहायचे. तू माझा सोमवार घे, मी तुझा शुक्रवार घेते. आठवडा संपला की अभ्रा झटकायचा, पण वरच्या भागात कायमचे करार असायचे, त्यांना कोणी हात लावायचा नाही. ही युक्ती काकूंची. सुपरवायझरही जुना, समंजस माणूस. तो कागद बाजूला ठेवून अभ्रा बघायचा. त्याचा एकच नियम होता, अभ्र्यावर आहे ते खरं, तोंडी काही चालणार नाही.

अभ्र्यावर अगदी वर काकूंचा करार होता. ड्रायरवाला त्यांचा बुधवार घ्यायचा आणि काकू त्याचा रविवार घ्यायच्या. ड्रायरवाल्याची पोरं त्याच्या विभक्त बायकोकडे असायची आणि रविवारीच भेटायची. काकूंच्या बुधवारचं कारण घरी होतं. त्यांच्या थोरल्या भावाला, दादाला, झटका येऊन डावी बाजू गेली होती. ज्या दादानं वडिलांमागं काकूंना वाढवलं, त्याला आता सदऱ्याचं बटण लावून द्यावं लागत होतं. दर बुधवारी तीन वाजता सरकारी हॉस्पिटलात त्याच्या हाताचा व्यायाम असायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, जे काही परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येईल. आणि तिथला नियम असा, की लागोपाठ दोन खाडे झाले की नाव कटलं, पुन्हा यादीच्या शेवटी, पाच महिने वाट बघा. म्हणजे हात गेलाच म्हणा.

पहिला खाडा हसरेसाहेबाच्या कृपेनं झाला. त्यानं बुधवारीच तीन वाजता ‘मनमोकळं’ नावाची सभा ठेवली, सगळ्यांना सक्तीची. पिवळे कागद वाटले आणि म्हणाला, “तुम्हाला इथून जावंसं का वाटतं ते बिनधास्त लिहा.” चाळीस जणांपैकी तीसेक जणांनी एकच लिहिलं: कामाच्या वेळा आधी सांगा. हसरेसाहेबानं सगळे कागद वाचले, मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं, ‘आपुलकी हवी.’ दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्याबरोबर टाळ्या वाजवायचा नियम झाला. काकूंनीही वाजवल्या. मनात म्हणाल्या, एक बुधवार गेला, आता पुढचा जाता कामा नये.

पुढच्या मंगळवारी सकाळी त्या कामावर आल्या आणि दारामागे बघतात तर खिळा रिकामा. खालच्या टोपलीत अभ्रा होता. पांढराशुभ्र. त्याला साबणाचा वास येत होता.

झालं होतं असं, की मालकाच्या मुख्य कचेरीतली मंडळी बुधवारी येणार म्हणून हसरेसाहेब स्वतः साफसफाईला लागला होता. दारामागे निळ्या रेघोट्यांचा मळका अभ्रा दिसला. लॉन्ड्रीत मळकं दिसलं की मशीनमध्ये, एवढं काम तो शिकला होता आणि नेमकं तेच त्यानं केलं. वर अभ्रा मशीनमध्ये टाकतानाचा फोटोही काढून घेतला, अधिकारीसुद्धा हातानं काम करतो हे दाखवायला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या एका धुण्यात चाळीस घरांचा आठवडा वाहून गेला.

काकू त्याच्या टेबलापाशी गेल्या. “साहेब, तो अभ्रा आमचा कामाचा होता. उद्या माझा बुधवार ड्रायरवाल्याकडे आहे, मला हॉस्पिटलात जायचंय.”

हसरेसाहेबानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. “पण काकू, उद्या तर तुमची बारा ते आठ आहे. बदल हवा असेल तर अर्ज बहात्तर तास आधी द्यायचा, परवापासून तसा नियम झालाय.”

“परवापासून म्हणजे बहात्तर तास झालेच कुठे?”

“एकाला सूट दिली तर संस्कृती बिघडते, काकू.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि उद्या तुम्ही पाहिजेच. तीन वाजता तुमच्यासाठी एक आनंदाची बातमी आहे.”

सुपरवायझरकडे गेल्या, तर तो बिचारा मान खाली घालून बसला. म्हणाला, “काकू, माझ्या हातात आता काही ठेवलं नाही.” ड्रायरवाल्याचा रविवारही त्याच पाण्यात गेला होता.

रात्री दादानं ताटलीकडे बघत विचारलं, “उद्या जमतंय ना?” काकू म्हणाल्या, “जमतंय.” खोटं बोलल्याचं त्यांना स्वतःलाच जाणवलं आणि जेवण गोड लागेना.

बुधवारी हॉल सजला. मुख्य कचेरीतली चार माणसं पुढच्या खुर्च्यांवर बसली. पाचवी खुर्ची नव्हती म्हणून पाचव्या, जाड्या साहेबाला पोत्यात बसवलं, तो रुतून बसला. टेबलावर चकचकीत करंडक होता. त्यावर कोरलं होतं, ‘निष्ठा: एकोणीस वर्षं’. म्हणजे टिकून राहिल्याचं बक्षीस घ्यायला काकूंनी नेमकं तीन वाजता थांबायचं होतं. आपल्याला हसू येतंय की रडू, हे काकूंना कळेना.

सव्वादोन वाजले. रुळातून चादर आली. काकूंनी ती घडी पूर्ण केली, अर्धी टाकायची सवय नव्हती. मग अंगावरचा एप्रन काढला, त्याचीही तीन झटक्यांत घडी घातली, थप्पीवर ठेवली आणि दाराकडे निघाल्या.

“काकू, कार्यक्रम आहे,” हसरेसाहेब मागून म्हणाला. अजून हसतच होता.

“माझाही आहे,” काकू म्हणाल्या आणि गेल्या.

तीनला चार मिनिटं कमी असताना दादाची चाकाची खुर्ची हॉस्पिटलच्या दारातून आत गेली. व्यायामवाल्या बाईंनी यादीत बोट फिरवलं आणि नावापुढे खूण केली. काकू भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथे एकोणीस वर्षांचं रडू एकदाचं बाहेर आलं.

महिन्याभरात आणखी अकरा जण गेले, ड्रायरवालाही गेला. जाताना तो काकूंच्या घरी येऊन सांगून गेला, की हसरेसाहेबाला शेवटी अभ्र्याचं महत्त्व पटलं. त्यानं नवा कोरा अभ्रा आणला, काचेच्या चौकटीत बसवला, शेजारी दोरीनं खडू बांधला, आणि खाली पाटी लावली: लिहिण्यापूर्वी अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. अभ्रा अजून पांढराच आहे, म्हणाला.

त्याच्याच हाती एक फॉर्म आला होता. काम सोडलेल्या प्रत्येकाकडून तो भरून घ्यायचा होता. काकूंना तोवर एका शाळेच्या वसतिगृहात कापडं सांभाळायचं काम मिळालं होतं, तासावरचंच, पण वेळा ठरलेल्या. पुढच्या बुधवारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्यांनी फॉर्म काढला. पंख्यानं कागद उडत होता. दादानं डावा हात उचलला, सावकाश, कापत कापत, आणि कागदावर ठेवला. “लिही,” म्हणाला.

प्रश्न एकच होता: आम्ही काय दिलं असतं तर तुम्ही थांबला असता? उत्तराला पाच ओळी सोडल्या होत्या. काकूंनी एकच शब्द लिहिला: बुधवार.

हसरेसाहेबानं तो वाचला. कॉम्प्युटरमध्ये बुधवार लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यानं भरलं: वैयक्तिक कारण.