समुद्रानं परत दिलेली चप्पल

आमी समुद्रावरून घरी आलो तवा टँकर नुकताच येऊन गेलता. घरातला पिंप तळाला गेलेला, आन् माझ्या पिशवीत वाळू, शिंपले, अर्धं विणलेलं टोपरं. पोरगी कडेवर झोपलेली. मी कुलूप काढलं, पिशवी ठेवली आन् उंबऱ्यातच बसले. आता पाण्याचं काय करायचं म्हणून रडू यायला पायजे व्हतं, पण आलं न्हाई. काईच आलं न्हाई. कानात नुसता त्या समुद्राचा आवाज चालू व्हता, बसमधी बसल्यापसून चालू व्हता तो, बंदच व्हईना.

आमच्यासारख्यांना समुद्र कुठला. पण गावात सहकारी दूध संस्था हाय, तिनं त्या साली सभासद बायांचा अभ्यास दौरा काढला, कोकणात मासे इकणाऱ्या बायांची सोसायटी कशी चालती ते बघायला. दुष्काळात म्हशी आटल्या, संस्थेत कॅन उपडे पडलेले, आन् आमी मासे बघायला चाललो. पण दौरा आधीच मंजूर व्हता म्हणून निघाला. सभासद माझ्या आत्याबाई, म्हंजी माझी सासू. त्यांना बस लागती, बीडच्या स्टँडवर उतरेस्तोवर त्यांचा जीव निम्मा व्हतो. त्या म्हणल्या, "माझ्या जागी तू जा. लेकराला बी समुद्र दाव. आमाला कुणी दावला न्हाई."

तितं मासे बघणं एक सकाळ झालं, बाकी सगळी सहलच. बाया लुगडी वर खोचून पाण्यात गेल्या. आमच्यातल्या एका म्हातारीनं ओंजळ भरून तोंडात घेतली आन् थू करून टाकली.

"एवढं पसरून ठिवलंय आन् घोटभर कामाचं न्हाई! ह्याच्यापरीस आपला टँकर बरा व बाई."

सगळ्या हसल्या. मी बी हसले. पण मी पाण्यात गेले न्हाई, मला भ्या वाटलं, मी वाळूत बसून विणत व्हते. सातवीला शाळेतल्या बाईंनी मला विणकाम शिकवलं, सुलट टाका, उलट टाका. आठवीत शाळा सुटली पण सुया सुटल्या न्हाईत. कुणाच्या घरी बाळंतीण असली की मी टोपरं करते, पायमोजे करते. आमच्या उन्हात लोकर म्हणल्यावर बाया हसतात, हसू द्या, लेकराच्या डोक्याला टोपरं तर लागतंच.

तर मी विणायले आन् पोरगी पाण्याच्या कडंला. तीन वर्साची बी नव्हती तवा. तिनं पायातली एक चप्पल काढली आन् फेकली पाण्यात. मी ओरडले, उठले, तवर लाट आली आन् चप्पल तिच्या पायापशी आणून टाकली. पोरगी बघतच राह्यली. मंग परत फेकली. परत आली. म्हातारी म्हणली, "घे, समुद्र तुझी धुणी धुवायला लागला." दिवसभर तिचा त्योच खेळ. कुणी म्हणलं असतं का, की ह्या खेळातून काई व्हईल.

घरी आल्यावर पयला चमचा गेला. मंग वाटी. मला वाटलं उंदीर, मला वाटलं मीच कुठं इसरले. आल्यापसून माझं ध्यानच नव्हतं कशात. सुया हातात घ्यायचे आन् टाके घालत बसायचे, मंग बघायचे तर सुलट का उलट ते कळायचं न्हाई, उसवायचे, परत घालायचे. हात माझे असून माझे नव्हते. भाकर करताना चटका बसला तरी उशिरानं कळायचं. हे म्हंजी माझे मालक परळीला राखेच्या विटा पाडायच्या कामावर व्हते, इकडं कारखान्याला ऊसच न्हाई तर गाळप कुठलं. सासरे संस्थेच्या छावणीत जनावरं घेऊन राह्यलेले, आत्याबाई सकाळी त्यांची भाकर घेऊन जायच्या ते दिवस कलल्यावर यायच्या. घरात मी आन् पोरगी.

मंग एक दिवस माझा लोकरीचा गुंडा न्हाई. पिवळी लोकर, टोपऱ्याची. धागा सुईवरून निघून दारातून बाहीर गेलेला. मी धाग्यामागं धाग्यामागं गेले, गल्लीतून, देवळाच्या मागून, आन् धागा आडावर गेला.

आमच्या गावाला नळ न्हाई. टँकर आला की आडात पाणी सोडतो आन् बाया वरून पोहऱ्यानं शेंदून घेतात, आपापल्या हिमतीवर. पाणी संपलं की आड दुसऱ्या टँकरपर्यंत कोरडा, तळाला नुसता चिखल. कठडा जुना, एका बाजूनं ढासळलेला. त्या ढासळलेल्या बाजूला पोरगी पोटावर पडून खाली बघायली.

मी हाक मारली न्हाई. दचकली तर. मी मागून जाऊन पाय धरला.

"काय करायलीस बाई हितं?"

"लोकर टाकली."

"कावून?"

"येती का बघायले." आन् मंग म्हणली, "आई, हितलं पाणी लई उशीर करतंय."

तवा मला कळलं चमचा कुठं गेला, वाटी कुठं गेली. मी तिला लई समजावलं. आड देत न्हाई बाई, त्यो समुद्र हाय का, आडाला लाट येत न्हाई. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, आन् दुसऱ्या दिवशी आडाच्या वाटंला. एकदा घरात कोंडली तर रडून रडून निळी पडली. शेवटी तिनं ती चप्पल नेऊन टाकली, समुद्रावरची. एकाच पायात चप्पल घालून घरी आली. मी वाकून बघितलं, खाली चिखलात लाल पट्टा दिसायला. नुसतं गार वाटलं, सगळ्या अंगाला. मी एवढंच म्हणलं मनात, आता हिला बांधायला लागतंय.

सुतळी बांधली तर तिच्या कंबरंला वळ उठला. आत्याबाईंनी बघितलं आन् सोडून फेकली.

"लेकराला दावं लावतेस? वासरू हाय का ती? असलं आमच्यात कुणी करत न्हाई."

मंग मी घरात उरलेल्या पिवळ्या लोकरीची दोरी विणली. बोटाएवढी रुंद, जाड, तिच्या करगोट्याला अडकवून लांब सोडलेली. आत्याबाई म्हणल्या, "हां, हे करगोट्यातच आलं," आन् गप बसल्या. ती दोरी विणताना माझे हात जरा ठिकाणावर आले. दोन्ही सुया, एक धागा, आन् डोक्यात एकच, पोरगी आडात जाऊ नये. आडाजवळ बंद पडलेला हापसा हाय, हापश्यापसून कठड्यापर्यंत मी पावलं टाकून बघितली आन् दोरी त्याच्यापरीस आखूड केली. कठडा तिच्या हाताला लागणार न्हाई अशी.

टँकर आला त्या दिवशी सगळं गाव आडावर. मी पोरीला हापश्याला बांधलं. शेजारची जाऊबाई, यांच्या चुलत भावाची बायको, घागर घेऊन उभी, तिनं बघितलं.

"काय व, पोरगी हाय का शेळी? आन् दोरी बी स्वेटरची! थंडी वाजती का दोरीला?"

बाया खिदळल्या. मी म्हणलं, "हसा, जाऊबाई, तुमच्या शेळीला बी देते एक करून." आन् पोहरा सोडला.

टँकरवाल्यानं पाइप आडात सोडला, पाइपाला भोकं, चारीकडं पाणी उडायलेलं. ढकलाढकली. एकीचा पोहरा दुसरीच्या दोरात. मी दोनदा शेंदलं, तिसऱ्यांदा पोहरा खाली गेला आन् माझ्या पायाला काईतरी ओलं घासलं. खाली बघितलं तर माझी दोरी. पिवळी, चिंब भिजलेली, तारंसारखी ताणलेली. मी विणताना तिचं माप कोरडं घेतलं व्हतं. लोकर भिजली की वाढती, धुतलेला स्वेटर कसा गुडघ्यापर्यंत येतो, मला ठावं असून माझ्या ध्यानातच आलं न्हाई. ताणली तर आणखी वाढती. मी नजरंनं दोरीवरून दोरीवरून गेले तर पोरगी ढासळलेल्या कठड्यावर, पोटावर, दोन्ही हात आत.

"आली! आई, आली! वर यायली!"

आडात पाणी चढायलेलं आन् पाण्यावर लाल पट्ट्याची चप्पल, फिरत फिरत वर यायलेली.

मी दोरी ओढली न्हाई. ओढली आन् तुटली तर ती कुठं जाईल, आन् न्हाई तुटली तर नुसती लांबंल. मी माझ्या हातातला दोर सोडला, पोहरा दोरासकट आडात गेला, कुणीतरी वरडलं, "अगं ए, पोहरा!" मी बायांमधून गेले. मला वाटतं मी चालतच गेले, पळाले न्हाई. आवाज सगळा बंद झालता, समुद्राचा बी. मी तिचा पाय धरला, मंग कंबर धरली, मंग तिला छातीशी घेऊन हापश्याला टेकून खाली बसले. चिखलात. मारलं न्हाई, रडले न्हाई. जाऊबाई येऊन उभी राह्यली, तिचा पार रंग उडालेला.

"अगं रड तरी. बोल काईतरी."

पोरगीच बोलली. "काकी, आईचा पोहरा बी येईल. आत्ता येईल."

जाऊबाईला काय करावं कळंना. तिनं आपला पोहरा सोडला, पाणी शेंदलं, आन् पाण्यासंगं चप्पल वर आली. तिनं ती झटकली आन् पोरीच्या हातात दिली, लेकरू गप बसावं म्हणून, दुसरं काय तिच्या मनात नव्हतं.

"बघ," पोरगी मला म्हणली. "देतंय. तू म्हणलीस देत न्हाई."

बाया हसल्या, सुटका झाल्यासारख्या हसल्या. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. समुद्रावर बघितलं व्हतं तसंच तोंड. आता मी काय समजावणार व्हते तिला. तिच्या डोळ्यादेखत दिलं व्हतं आडानं.

जाऊबाईनं तिच्या घागरीतलं पाणी माझ्या हंड्यात वतलं आन् हंडा घरापर्यंत आणून दिला. जाताना म्हणली, "उद्यापसून टँकर आला की पोरगी माझ्या म्हाताऱ्या सासऱ्यापशी बसंल. तू लाजू नको." मी मान हलवली.

पोरगी दमून दारातच झोपली. मी दोरी पसरली उन्हात. वाळली तरी पयल्यासारखी झाली न्हाई, तशीच लांब राह्यली. मंग मी ती उसवायला घेतली. सगळी उसवली, गुंडा केला, आन् कपाटामागून सुताचा जाड दोरा काढला, लोकरीसंगं त्यो बी सुईवर घेतला. सूत तरी ताणणार न्हाई. हात चालायले. टाके घट्ट घालायले, सुई टोचली की बोटात कळायलं आता.

मधीच उठून मी तिच्याजवळ गेले. चप्पल तिच्या मुठीत व्हती. म्हणलं हळूच काढावी आन् चुलीत घालावी. मी पट्टा धरला. तिनं झोपेतच मूठ आवळली.

मी तिथंच बसले, तिच्या उशाशी, आन् पुढचा टाका घातला.